बायचं खाली जाणं

बायला न विचारता कोणी हात लावला की ती झटकून टाकायची. मग तो माणूस मदतीला आलेला असो नाहीतर दया करायला. "आधी विचार, मग धर," म्हणायची. बाय म्हणजे माझी बायको. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत लहानथोर सगळे तिला बाय नाहीतर काकी म्हणत. मीही बायच म्हणायचो. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय अधू झाले. कुबड्यांवर चालायची आणि हातमशीनवर अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवायची. कोणी म्हणालं की घट्ट झाला, तर म्हणायची, "ब्लाउज तोच आहे गो, तू वाढलीस."

लोकांची एक खोड. ती समोर असताना मला विचारायचे. रेशनवाला म्हणायचा, काका, यांना काय पाहिजे? "पाय गेलेत रे माझे, तोंड आहे," बाय म्हणायची. मला हसू यायचं. तिला यायचं नाही.

चाळ पडली, टॉवर झाला. चाळीत आमची खोली तळमजल्यावर, मनात आलं की बाय बाहेर. टॉवरची लिफ्ट चकचकीत, पण लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या. तोवर कुबड्या वापरून तिचे खांदे कामातून गेले होते, चाकाची खुर्ची आली होती. गृहप्रवेशाला गणपती मंडळाच्या पोरांनी बायला खुर्चीसकट उचललं, एकानं हौसेनं 'मोरया' म्हटलं. सगळे हसले, बायही हसली. घरात आल्यावर मात्र मला म्हणाली, "अहो, गणपतीला वाजतगाजत आणतात. पण परत नेतात ते बुडवायलाच."

पोरं चांगली, पण कामाधंद्याची. कधी सापडायची, कधी नाही. बाय खिडकीतून रस्ता बघत बसायची. पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प करा, असं तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. हा आमच्याच चाळीतला, तिच्या हातची घावणं खाऊन वाढलेला. म्हणाला, बघू काकी, एका माणसासाठी बिल्डिंगचं तोंड कसं फोडायचं? वर्षभर बघतच होता.

मग पोरं सापडली त्या दिवशी मी तिला टॅक्सीनं माटुंग्याला एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी कायदा समजावला. मला कळला तो असा : अपंग माणसाला बाहेर ठेवायला दारातून ढकलावं लागत नाही, दारच त्याला पोचता येणार नाही असं बांधलं तरी काम होतं. कायदा त्यालाही भेदभावच म्हणतो. आणि त्याविरुद्ध दाद मागणं म्हणजे भीक मागणं नाही. बायनं अपंग आयुक्तांकडे तक्रार केली.

बिल्डिंग फिरली. काहींनी बोलणं टाकलं. सेक्रेटरी घरी आला. "काकी, आपण घरची माणसं. घरात कायदा कशाला आणता?"

"घरचा म्हणून वर्षभर तोंडी सांगितलं रे," बाय म्हणाली. "चहा घे."

सुनावणीला तो साहेबांना म्हणाला, आम्ही काकींना कधी अडवलं नाही, आमची पोरं उचलून नेतात. खोटं नव्हतं ते. साहेबांनी बायला विचारलं. मला नाही, तिला. बाय म्हणाली, "साहेब, दवाखान्यात जायचं असलं तर मारीन पोरांना हाक. पण नुसता कंटाळा आला, खाली जावंसं वाटलं, तर चौघांना काय सांगून बोलावू?"

सेक्रेटरी चपलांकडे बघत राहिला. निकाल बायच्या बाजूनं लागला आणि कुरकुरत का होईना, रॅम्प झाला.

झाला त्याच दिवशी मी दुपारी जेवून लवंडलो. उठलो तर घरात बाय नाही, खुर्ची नाही. नाक्यापर्यंत शोधून आलो. दिवे लागले तेव्हा आली. मी खवळलेलोच होतो. कुठं होतीस?

"कुठं नाही," म्हणाली. "बाहेर."

गेल्या श्रावणात बाय गेली. परवा बघतो तर रॅम्पवर बाईक आडवी लावलेली. नव्या भाडेकरूची. मी त्याला म्हटलं, काढ. तर म्हणतो, "आजोबा, आता आजी कुठं आहेत?"

"आजी गेली," मी म्हटलं. "कायदा नाही गेला. काढ."

काढली त्यानं. मी वर आलो, दार उघडलं, "ऐकलंस का" म्हणून हाक मारली आणि मग आठवलं. म्हणून हे कागदावर सांगतोय.