गेरूवाले पटवारी

सन १९६२. मी एकतीस वर्षांचा होतो आणि पूर्णेच्या पुरात माझं घर तिसऱ्यांदा पडलं होतं. पाणी ओसरलं की आमच्या गावात सगळ्यांत आधी यायचे ते गेरूवाले पटवारी. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात गेरूचं डबडं. पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर तांबडी रेघ ओढायचे आणि मग विचारायचे, "जेवले का रे?" कोणी बोललं नाही, तर स्वतःची शिदोरी सोडायचे.

मी तीन वर्ग शिकलेलो. दुसऱ्याकडून नुकसानीचा अर्ज लिहून घेणं मला कधी जमलं नाही. एकदा मी लिहिलं, "माझं वावर नदीनं वाहिलं." पटवारी हसता हसता खालीच बसले. "अबे, नदीनं तुह्यं वावर वखरून देल्लं, मंग पेरून काहून नाही घेतलं तिच्याकून?" आमच्याकडे वावर वाहणं म्हणजे नांगरणं-वखरणं. माझ्याच हातानं त्यांनी 'वाहून नेलं' करवलं. दुसऱ्याच्या हाताची दुरुस्ती मला खपणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

घर पडलं की सरकार छपराला टिनं आणि लाकडी बल्ल्या द्यायचं. आधीच्या दोन्ही वेळा मी ते सामान घेऊन काठावरच घर बांधलं. पटवारी म्हणायचे, "टेकाडावर जागा मोजून ठेवली हाय. टिनं तिथंबी भेटतात."

"बापाची जागा हाय जी. नदी आमच्या आंगणात येते, आमी तिच्या नाही जात."

"मंग पाट टाक तिले. जेवू घाल!"

तिसऱ्या पुरात बायको तान्ह्या पोरीला घेऊन दिवसभर कडुनिंबावर बसली होती. तेव्हा मात्र पटवारी हसले नाहीत. अर्ज पुढं ठेवला. "काठावरच बांधतं ना? मी टिनं देतो. खाली फक्त तुह्या हातानं लिही, पुढच्या पुरात माही पोरगी गेली तरी मले चालते."

मी ताठ्यात टाक उचलला. 'पुढच्या पुरात माझी पोरगी' इथवर लिहिलं. पुढं हात चालेना. त्यांनी कागद हळूच ओढला, घडी करून खिशात घातला. कोणाला कधी दाखवला नाही. एवढंच म्हणाले, "सरकार टिनं देते राजा, पोरी नाही देत."

त्याच हिवाळ्यात त्यांची पातूरकडे बदली झाली. सारं गाव निरोपाला गेलं, मी गेलो नाही. चुकलो म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते वारल्याचंही मला उशिरा कळलं. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पण त्या कागदाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, बायकोला न विचारता, मी बापाच्या जागेतली दाराची चौकट उपटली, गाडीत घातली आणि टेकाडावर नेऊन रोवली.