पेचकसाविना एक वर्ष

पेचकस हातात न धरता मी एक वर्ष रेडिओ दुरुस्त केले. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं देऊळघाटात जाऊन विचारावं. विचारायला आता म्हातारी माणसं फार उरली नाहीत, पण जी आहेत ती सांगतील. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरांनी एक छडी विनाकारण मारली, म्हणून मी शाळा सोडली ती सोडलीच. माझा स्वभाव तसा आहे. तो चांगला आहे असं मी म्हणत नाही.

गावात वीज येऊन दोनेक वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं, शेत बापाच्या हातात होतं, आणि माझं मन मात्र स्टँडसमोरच्या एका टपरीत अडकलं होतं. ती टपरी एका फौजीची. बौद्ध वस्तीतला हा माणूस पलटणीत वायरलेसवर होता. पेन्शनवर घरी आला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. सारा गाव त्यांना उस्ताद म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. अंगानं काटक, मिशी कापलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी कैया कैयाच्या जागी सापडायची. कैया म्हणजे कथिल वितळवून तार जोडायची तापती सळई.

मी तिथं बसतो म्हणून भावकीत कुरबूर झाली. चुलता म्हणाला, "तिथं चहा पेतो म्हनतेत तू." मी म्हणालो, "एक नाई, दोन कप पेतो." त्या दिवसापासून खरोखर दोन प्यायला लागलो.  बाप एवढंच म्हणाला, "शिकतो तर नीट शिक. अर्धवट मिस्त्री नांगरालेही कामाचा नाई अन् रेडिओलेही नाई."

उस्तादांची शिकवायची रीत वेगळी होती. पुस्तक नाही, फळा नाही. सेट आला की ते पेचकसाला हात लावत नसत. आधी सेट आणणाऱ्याला बसवत, पाणी देत आणि विचारत: कधी बंद पडला? त्याच्या आधी काय झालं? मग पिन पाहायची, मग वायर, मग नाकानं वास घ्यायचा. जळालेल्या कंडेन्सरचा वास वेगळा, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वेगळा. मग कान. सेटची मागची पाटी खोलायची ती सगळ्यात शेवटी. खोललेले पेच एका बशीत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. आणि चालू सेटला हात लावायचा तर एकच. दुसरा पाठीमागं, कमरेवर. "दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जाते बे," म्हणायचे. आजही मी घरातला बल्ब बदलतो तेव्हा डावा हात आपोआप पाठीमागं जातो.

मला हे सगळं हळू वाटायचं. माझा हात सारखा पेचकसाकडे. सहा महिन्यांत मला वाटलं, मला सगळं येतं.

दसऱ्याला उस्ताद दरवर्षी नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. पांढरा सदरा, डब्यात भाकरी, दोन दिवस दुकान बंद. त्या वर्षी जाताना म्हणाले, "कोनाचा सेट आला तर ठेवून घे. खोलू नको." मी मान हलवली.

दसऱ्याच्या दुपारी पाटलांच्या वाड्यावरून निरोप आला. त्यांचा पाच व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ बंद पडला होता. पाटलांचं काम आजवर उस्तादांकडे कधी आलं नव्हतं. त्यांचा सेट बिघडला की बैलगाडीत घालून खामगावला जायचा. आता बोलावणं आलं आणि तेही मला. मी नवा पेचकस खिशात घातला, तो वर दिसेल असा, आणि गेलो.

ओसरीवर पाटील, त्यांचे धाकटे भाऊ आणि दहा-बारा माणसं. खांबाशी पाटलांची आई बसलेली. तिला सारा गाव माय म्हणायचा. रेडिओ खरं तर तिच्यासाठीच घेतला होता. गुडघे गेल्यानं तिचं देवळात जाणं सुटलं होतं. पहाटेचे अभंग आणि संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ती चुकवत नसे.

मी सेट लावला. काट्याच्या एका टोकाला कुठलं तरी हिंदी स्टेशन बारीक आवाजात लागत होतं. काटा नागपूरकडे सरकवला की खर्र खर्र, आणि मग ठार मुकं. मी कोणाला काही विचारलं नाही. विचारलं तर यांना वाटेल याला येत नाही. पिन काढून पाटी खोलली. आत सगळ्या भागांना हळदी-कुंकवाची बोटं लावलेली होती. त्यात मला नवल वाटलं नाही. दसऱ्याला गावातल्या कोणत्या यंत्राला कुंकू नसतं? आमच्या विहिरीवरच्या इंजिनालाही सकाळीच लावलं होतं. पिन परत लावली, तेव्हा एक व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांपैकी एक, मला मंद पेटताना दिसला.

"व्हॉल्व्ह गेला," मी म्हणालो.

धाकटे पाटील हसले. "तुह्या उस्तादानं सांगतलं का तूच सांगून राह्यला?"

मला ते लागलं. इतक्या माणसांत मी बोलून गेलो, "व्हॉल्व्ह नसला गेला तर यापुढं पेचकस हाती धरनार नाई."

दुसऱ्या दिवशी धाकटे पाटील स्वतः खामगावला जाऊन व्हॉल्व्ह घेऊन आले. ओसरीवर काल होती त्यापेक्षा दुप्पट माणसं. व्हॉल्व्ह बसवला. तापायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला. मग नागपूरवर काटा आणला.

खर्र खर्र. आणि मुकं.

धाकट्या पाटलांनी सावकाश पान तोंडात घातलं. "मंग? ठेव पेचकस."

मी पेचकस ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि घरी आलो. बायकोला म्हणालो, उद्यापासून वावरात जाईन. ती म्हणाली, "चला, एकाचं तरी भलं झालं." कोणाचं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी उस्ताद नागपूरहून उतरले ते थेट माझ्या दारात. स्टँडवरच त्यांना सगळी गोष्ट कळली होती. मला वाटलं रागावतील.

"चाल," म्हणाले.

"म्या शब्द देला, उस्ताद. पेचकस धरनार नाई."

"धरू नको ना. मले सोबत तर चाल."

पाटलांच्या ओसरीवर उस्ताद पायरीशी उभे राहिले. त्यांच्यासाठी सतरंजी पडते की नाही, हे तिथला प्रत्येक माणूस पाहत होता, आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होता. माय गुडघ्यावर हात देत उठली, आतून सतरंजी आणली आणि स्वतः टाकली. उस्ताद बसले. पाणी प्यायले. सेटकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"माय, याच्यापाशी जास्त कोन बसते?"

"मीच. दुसरं कोन बसते, या लोकाईले पत्त्यातून सवड हाय का?"

"दसऱ्याच्या सकाळी चालू होता?"

"हाव. अभंग झाले, बातम्या झाल्या. मंग पूजा केली. दुपारी लावला तं हे असं."

"पूजा कोनं केली?"

"म्याच केली. धाकट्याले मांगची पाटी खोलाले लावली. नांगराची पूजा फाळाले करतेत, कासऱ्याले नाई. पेटीले कुंकू लावून काय फायदा? आत जे राबते त्याले लावाव. हळद, कुंकू, अक्षता." मग ती थांबली. "काऊन? चुकलं का काही?"

"नाई माय. बरोबर हाय तुह्यं," उस्ताद म्हणाले.

मी तिथंच बसलो होतो. मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. खरं म्हणजे ते दोन मिनिटांत सेट चालू करून, साऱ्या गावासमोर मान ताठ करून घरी जाऊ शकले असते. पाटलांच्या दारात ती संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी स्वतःचा पेचकस काढला, चारही पेच खोलले, बशी मागून घेऊन तीत ठेवले, आणि पिशवीतला चिमटा माझ्यापुढे धरला.

"पेचकस धरनार नाई म्हनलास ना? चिमटा धर."

धाकटे पाटील म्हणाले, "हे काही खरं नाई."

"त्यानं शब्द पेचकसाचा देला, पाटील. चिमट्याचा देला नाई. तुमीच तं ऐकला." एक-दोघं हसले. पाटलांनी हातानं भावाला गप्प केलं.

"आता मी काटा फिरवतो," उस्ताद मला म्हणाले, "तू काही करू नको. फक्त पाह्य."

काट्याला दोरीनं बांधलेला पातळ पत्र्यांचा एक पंखा असतो, त्याला आम्ही गँग म्हणतो. काटा फिरवला की फिरते पत्रे स्थिर पत्र्यांमध्ये शिरतात, पण एकमेकांना लागत नाहीत. लागले की सेट मुका. नागपूर लागतं ते पत्रे बरेच आत गेल्यावर. उस्ताद हळूहळू फिरवत होते, मी वाकून पाहत होतो. अर्ध्यावर पत्रे किंचित अडले. तिथं, दोन पत्र्यांच्या फटीत, कुंकवानं लाल झालेला एक तांदूळ होता. त्याच्या दाबानं एक पत्रा वाकून शेजारच्याला टेकला होता.

मी काल तिथंच पाहिलं होतं. कुंकू दिसलं होतं, पण दसऱ्याचं कुंकू म्हणून मी ते पाहिलंच नव्हतं.

चिमट्यानं तांदूळ काढला. वाकलेला पत्रा उस्तादांनी दिलेल्या पोस्टकार्डाच्या कोपऱ्यानं सरळ केला, जोर न लावता, जसं डोळ्यातलं कुसळ काढतात. मग कोरड्या कुंचल्यानं कुंकू झाडलं. पिन लावली. थोडा वेळ गेला आणि नागपूर बोललं. बाई ज्वारीवरच्या किडीबद्दल सांगत होती. मायनं नुसती मान डोलावली, जणू ती बाई तिच्याशीच बोलत होती.

"काय निंघालं बे?" धाकट्या पाटलांनी विचारलं.

माझ्या तोंडात तांदूळ हा शब्द आला होता. उस्ताद खोकले. "दोन पत्रे एकमेकाले घासत होते," त्यांनी सांगितलं. "यानं सोडवले."

वाटेत मी विचारलं, "अक्षतेचं काऊन नाई सांगतलं?"

"सेट चालू झाला ना?"

"झाला."

"मंग? सांगतलं असतं तं माय उद्यापासून त्याले हात लावाले भेली असती. सेट तं तिचा हाय."

पेचकस मात्र पाटलांच्या कट्ट्यावरच राहिला. मी उचलला नाही. उस्ताद म्हणाले, "झालं ना आता, घे." मी म्हणालो, व्हॉल्व्ह गेला नव्हता, हे खरं आहे, म्हणून शब्द शब्दच. किती दिवस, त्यांनी विचारलं. कायमचा, मी म्हणालो.

"कायमचा लय असते बे," ते म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "बरं. मी खोलत जाईन, तू पाहत जाय."

आणि त्यांनी वर्षभर तसंच केलं. पलटणीत वायरलेस चालवलेला, माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझ्यासाठी पेच खोलायचा, बशीत ठेवायचा, मी काम केलं की परत बसवायचा. गिऱ्हाईक टोमणे मारायचे, "उस्ताद, चेला कोन हाय तुमच्यातला?" ते म्हणायचे, "आज माही पाळी हाय." एकदाही मला म्हणाले नाहीत की हट्ट सोड.

हातात पेचकस नाही म्हटल्यावर मी विचारायला शिकलो. एकदा एक गुरुजी ठार मुका सेट घेऊन आले. उस्ताद जेवायला गेलेले. मला खोलता येईना, म्हणून मी विचारत बसलो: कुठं ठेवता, खाली काय असतं? धान्याची कोठी असते, म्हणाले. वायर हातानं चाचपत गेलो तर प्लगापासून वीतभर अंतरावर उंदरानं कुरतडलेली. ब्लेडनं सोलली, जोडली, झालं. पाटी खोलायची वेळच आली नाही. मागल्या वर्षी माझी नात, जी बुलडाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिकते, कॉम्प्युटरचा एक बंद पडलेला डबा घेऊन बसली होती. तिनं आधी फोनवरून मालकाला चार प्रश्न विचारले, मग पिन पाहिली, मग खोललं, एक पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले आणि परत बसवली. डबा चालू झाला. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. पण पोरगी चांगल्या हाताखाली शिकते आहे, एवढं कळलं.

पुढचा दसरा आला. उस्ताद नागपूरला गेले. सकाळी मायचं बोलावणं आलं. गेलो तर देवघरापुढं पाटावर विळा, कुऱ्हाड, वखराची लोखंडी फास मांडलेली, आणि त्यांच्या रांगेत माझा पेचकस. वर्षभर तिनं तो देवघरात ठेवला होता.

"पाटी खोल अन् सांग, कुंकू कुठं लावू ते," ती म्हणाली.

"माय, मी पेचकस धरत नाई."

"ठाव हाय मले. अन् तुह्या चिमट्यात काय निंघालं होतं, तेही ठाव हाय. डोळे गेले नाई माहे."

"मंग तवा बोलली नाई तू?"

"तुमी दोघं बोलले नाई, मंग म्या काऊन बोलू?" तिनं पेचकसाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि तो माझ्यापुढे धरला. "आज हत्यारं ठेवतेत अन् आजच उचलतेत. पूजलेलं हत्यार उचललं नाई तं दोष लागते. मले लागन, तुले नाई."

तिला दोष लागू देणं माझ्या हट्टात बसत नव्हतं. मी पेचकस घेतला. चार पेच खोलले, बशीत क्रमानं ठेवले. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टोपणावर बोट ठेवून म्हणालो, "इथं लाव माय. सगळं याच्याच जोरावर चालते." तिनं लावलं. अक्षता तिनं मी न सांगताच पेटीवर वाहिल्या, बाहेरून.

तिसऱ्या दिवशी उस्ताद आले. माझ्या खिशात पेचकस दिसला, त्यांनी तो काढून उलटापालटा केला. कोणी दिला, हे त्यांनी विचारलं नाही. टेबलावर एक सेट दुरुस्तीला पडला होता. त्यांनी बशी आपल्या बाजूची उचलून माझ्या बाजूला ठेवली आणि पेचकस माझ्या हातात दिला.

"आधी कुंकू पूस त्याचं," म्हणाले. "आत पडलं तं पुन्हा चिमटा काढाव लागन."