कॅमेऱ्यातली मुलगी

एका सकाळी मी चहाचा कप बाबांच्या हातात दिला तेव्हा ते जरा सावरून बसले आणि म्हणाले, "आप भी बैठिए ना. खड़ी क्यों हैं?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी पाहुण्यासाठी करतात तसा पलंगावरचा टॉवेल बाजूला सारून माझ्यासाठी जागा केली होती.

आम्ही जयपूरचे मराठी. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन आले आणि दुर्गापुऱ्यात घर बांधून इथेच राहिले. दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत साताऱ्याचं मराठी, हा आईचा कायदा होता. मी आणि धाकटा भाऊ बोलताना "मतलब" म्हणायचो तर ती घास हातात धरून थांबायची आणि शब्द बदलल्यावरच पुढे जेवायची. त्यामुळे बाबा माझ्याशी हिंदीत बोलले, याचा अर्थ एकच होता. मी त्यांना दाराबाहेरची वाटले होते.

त्याआधी वर्षभर ते विसरत होतेच. आई गेल्यावर ते सुरू झालं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. भाऊ बंगळुरूला असतो, त्याला ते केव्हाच विसरले होते. मी रोज समोर होते, म्हणून मी उरेन असं मी धरून चालले होते.

डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा. माझ्या फोनमध्ये आईचे शेकडो फोटो होते, तिच्या शेवटच्या काही वर्षांतले. त्या संध्याकाळी मी बाबांच्या शेजारी बसले आणि एकेक सरकवत गेले. बाबा शिष्टाचाराने पाहत राहिले. दुकानदार साड्या दाखवतो आणि आपल्याला घ्यायची नसते, तसे. शेवटी म्हणाले, "सब अच्छी हैं. कौन हैं ये लोग?"

मी फोन बंद करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

कॅमेरा सापडला तो ब्लँकेटं काढताना. चंदेरी, साबणाच्या डबीएवढा. भाऊ शाळेत होता तेव्हा बाबांनी हौसेने आणलेला. कुणीतरी सेल काढून वेगळे ठेवले होते म्हणून तो सडला नव्हता. नवे सेल घातले आणि बटण दाबलं, तर घरघर करत भिंग बाहेर आलं. आत कार्ड तसंच होतं.

पहिलाच फोटो जयपूरजवळच्या चाकसू गावातल्या शीतलामातेच्या मेळ्यातला. आई उन्हात उभी. मागचं आकाश उन्हाने जळून कागदासारखं पांढरं झालेलं, त्यात देवळाचा कळस अर्धा विरघळलेला. आईच्या साडीचा लाल रंग काठाबाहेर सांडल्यासारखा. पदराखालच्या सावलीत नुसते रंगीत कण, रवा पसरावा तसे. आजच्या फोनने हा फोटो घेतला असता तर आकाश निळं केलं असतं, सावलीत उजेड पाडला असता आणि आईच्या कपाळावरून हात फिरवून आठ्या पुसल्या असत्या. या कॅमेऱ्याला समोर कोण आहे याची काही समज नव्हती. जेवढा उजेड आला तेवढा त्याने घेतला होता आणि बाकीचं सोडून दिलं होतं.

मी कॅमेरा तसाच बाबांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, लहानशा पडद्यावर वाकले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "डोकं दुखत होतं तिचं. सांगितलं होतं, उन्हाची नको येऊस. ऐकेल तर ना."

मराठीत! त्यांनी पुढचे फोटो पाहिले. दिवाळीतला, फ्लॅशने आईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला आणि मागची खोली काळीकुट्ट. गच्चीवर पतंग उडवताना भाऊ, हललेला, नुसता पिवळ्या शर्टाचा फराटा. त्या फराट्यालाही बाबांनी नावाने हाक मारली.

"आणि मी, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "जी?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी कॅमेरा फ्रिजवर ठेवला, टायमर लावला आणि समोर उभी राहिले. तांबडा दिवा लुकलुकला, फ्लॅश पडला. फोटो वाईट होता. डोळे लाल, कपाळावर घामाची चमक, गालांवर कसलाही मऊपणा नाही, मागे भिंतीवर माझी काळी सावली. सेल इतकी वर्षं बाहेर असल्याने तारीख पुसली गेली होती, त्यामुळे कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत कॅमेरा जन्मला त्या वर्षाची एक जानेवारी उमटली होती. मी तो बाबांना दाखवला.

त्यांचा चेहरा उजळला. "ही आमची मुलगी," ते म्हणाले. "दमून आलीय बघा. जेवत नाही वेळेवर."

"बाबा, मीच ती. बघा ना माझ्याकडे. हाच ड्रेस आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग अगदी अदबीने विचारलं, "आप उसकी सहेली हैं?"

मी म्हटलं, "जी."

मग तो आमचा रोजचा नेम झाला. संध्याकाळी मी घरी यायचे, दिवसभर बाबांजवळ बसणाऱ्या बाई चप्पल घालून निघायच्या, मी फ्रिजसमोर उभी राहून स्वतःचा फोटो काढायचे आणि बाबांना नेऊन द्यायचे. ते त्याची वाट पाहायचे. त्यातल्या मुलीशी मराठीत बोलायचे, केस का कापलेस म्हणून रागवायचे. मी खुर्चीवर बसून ऐकायचे. सुरुवातीला मला हायसं वाटलं. निदान कुठेतरी मी त्यांच्या डोक्यात शिल्लक होते.

पण मग ते माझ्याजवळ तिच्यासाठी निरोप देऊ लागले. "उससे कहिए, कधीतरी येऊन जा म्हणावं." अशी दोन भाषांची सरमिसळ. आणि एकदा, मी त्यांची नखं कापत असताना, खालच्या आवाजात म्हणाले, "आपसे क्या छुपाना. ती येत नाही. फोटो पाठवते नुसते. आप पराई होकर इतना करती हैं, और वो..."

मी नेलकटर खाली ठेवलं. ज्या हातांनी मी त्यांना न्हाऊ घालत होते, भरवत होते, त्या हातांची त्यांच्या लेखी काही ओळख नव्हती. आणि पडद्यावरची ती लाल डोळ्यांची, घामट बाई काहीही न करता त्यांची मुलगी झाली होती. मला तिचा राग आला. स्वतःच्याच फोटोचा इतका राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फ्रिजसमोर उभी राहिले. न राहून काय करणार होते?

जूनमध्ये, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजण्याइतकं तापत होतं तेव्हा, फोटोंत गुलाबी रेघा यायला लागल्या. आधी वरच्या कोपऱ्यात, मग आडव्या, चेहऱ्यावरून. कधी बंद करून चालू केला की जायच्या. मी चौड़ा रास्ता बाजारातल्या एका कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन फोटो काढून पाहिले आणि कॅमेरा परत सरकवला. "सेंसर जा रहा है मैडम. इसका पार्ट अब नहीं आता."

काचेच्या कपाटात तसेच जुने कॅमेरे रांगेत मांडलेले होते. शेजारी कॉलेजच्या दोन मुली एक निवडत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "इसमें सब कुछ याद जैसा आता है." आठवणीसारखं. त्या विशीतल्या पोरी, त्यांच्या कुठल्या आठवणी? मला त्यांचा हेवाही वाटला आणि संतापही आला. मी त्यांच्यासारखाच एक कॅमेरा विकत घेतला. आमच्या मॉडेलचा नव्हता. त्यात चेहरा हिरवट यायचा. बाबांनी फोटो पाहिला आणि कॅमेरा उलटा करून उशीवर ठेवला.

भावाने फोनवर सांगितलं, "ताई, अगं ॲप आहेत त्यासाठी. फोनवरच तसा लुक येतो. कण, तारीख, सगळं."

"बघते," मी म्हटलं. पाहिलंही. कण होते, नारिंगी तारीख होती, डोळे लाल होते. बाबा म्हणाले, "ये कौन हैं?"

म्हणून मी जुनाच कॅमेरा वापरत राहिले. दहातला एखादा फोटो धड यायचा, तो दाखवायचे. मग एका संध्याकाळी धड असा एकही आला नाही. बाबा सारखे विचारत होते, "आज आया नहीं? फोटो आया नहीं?" मी त्यातल्या त्यात बरा फोटो निवडला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. अख्खा पडदा जांभळट गुलाबी होता, वरून खाली पेटल्यासारखे पट्टे, आणि मधे माझे डोळे आणि उघडं तोंड तेवढं ओळखू येत होतं.

बाबांनी क्षणभर पाहिलं. मग ते किंचाळले. "जळतेय! अगं ती जळतेय! पाणी आणा!"

ते पलंगावरून उतरायला गेले आणि तोल जाऊन गुडघ्यांवर पडले. मी धावले, त्यांना मिठीत धरलं. "बाबा, काही नाही झालं. मी इथे आहे. बघा, मी आहे!" त्यांनी मला सगळ्या जोराने ढकललं. मी तिला वाचवण्याच्या आड येत होते. तांब्या उचलून त्यांनी कॅमेऱ्यावर पाणी ओतलं आणि फरशीवर बसून त्याला छातीशी धरून ओरडत राहिले. शेजारचे लोक दारात जमले.

पुढचे काही दिवस बाबांनी सुतक पाळलं. दाढी करू दिली नाही. गोड तोंडात घेतलं नाही. दिवसा बसणाऱ्या बाईंना ते पुन्हा पुन्हा सांगत, "मेरी बेटी नहीं रही." बाई ओट्याजवळ येऊन मला दबक्या आवाजात विचारायच्या, "दीदी, मैं क्या बोलूँ?"

"कुछ मत बोलिए," मी सांगितलं.

मी रजा घेतली होती. एका दुपारी कूलरसमोर त्यांना आमटीभात भरवत होते. त्यांनी माझा हात थांबवला. किती दिवसांनी ते माझ्याकडे नीट पाहत होते. आशा मोठी निर्लज्ज असते.

"आपके बच्चे हैं?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"अच्छा है," ते म्हणाले, आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट पाहू लागले.

मग तेही विसरले. मुलगी गेल्याचं विसरले आणि मुलगी होती हेही. भाऊ येऊन चार दिवस राहून गेला. त्याला ते पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस समजले आणि जाताना त्यांनी हात जोडले. तो रिक्षात बसेपर्यंत धीराने वागला. मग त्याने खांद्याला लावलेली बॅग मांडीवर घेतली आणि तोंड त्यात लपवलं.

आईचे जुने फोटो कार्डावर शाबूत आहेत. मी ते दुसरीकडे उतरवून घेतले. एकदा मोठे छापून बाबांपुढे ठेवले. त्यांनी कागदाची कड बोटाने चाचपून पाहिली आणि तो दुमडायला लागले. मी काढून घेतला नाही. ते दुमडत बसले तेवढा वेळ शांत होते.

आता ते कोणाचीच वाट पाहत नाहीत. बोलणं जवळजवळ थांबलं आहे. जे येतं ते हिंदी की मराठी हे कळत नाही इतकं तुटक असतं. मी ऑफिसातून येते. बाई सांगतात, बाबूजींनी किती खाल्लं, किती वेळ झोपले, आणि निघतात. मी हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसते, कूस बदलून देते, पाठीला पावडर लावते. खिडकीबाहेर दुर्गापुरा स्टेशनात गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू येते. त्यांची नजर पंख्यावर असते. कधी ती फिरत माझ्यावरून जाते, भिंतीवरून जाते, दारावरून जाते आणि पुन्हा वर पंख्याकडे.