फ्रिजवाल्याची बहीण ध्रुवावर

हट्टीपणा त्या घरात दोघा भावंडांना सारखाच वाटून आला होता. दादा फ्रिज दुरुस्त करायचा, धाकटी विमान चालवायची. दुकानाच्या कमाईवरच ती उडायला शिकली, हे दादा येताजाता ऐकवायचा. पण फ्रिजमधला गॅस वर जाऊन ध्रुवावरचा ओझोन खातो, असं शास्त्रज्ञ म्हणू लागले, त्या गॅसवर बंदीची भाषा सुरू झाली आणि दादाचं डोकं फिरलं. त्यात ते तपासायला जाणारं विमान नेमकी त्याचीच बहीण चालवणार!

"माझ्या दुकानातला गॅस ध्रुवावर जातो? त्याला पत्ता कुणी दिला?" तो गरजला. "त्या विमानात बसलीस तर ही पायरी चढू नकोस."

ती बसली.

तेही एकटीच. पंखांखाली दोन यंत्रं होती: एक ओझोन मोजणारं, दुसरं त्या गॅसमधून सुटलेल्या क्लोरीनचा माग काढणारं. आकडे आतल्या आत साठत होते, तिला दिसत नव्हते. ध्रुवाभोवती वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि खरी गोम त्या भोवऱ्याच्या आत होती. नेमकी त्याच्या काठाशी थंडी इतकी वाढली, की टाकीतलं इंधन घट्ट व्हायची भीती. खालून हुकूम आला, "मागे फिरा."

तिने इंधनाच्या तापमानाचा काटा पाहिला; तो खाली सरकत होता. पण काठावरून परतलं असतं, तर दादासारखे शंभर जण म्हणाले असते, पाहिलंत, काही सापडलं नाही!

"ऐकू आलं," ती म्हणाली. "जरा आत जाऊन येते."

परतल्यावर साहेबांनी तिला फैलावर घेतलं, पुढचं उड्डाण काढून घेतलं. तिने यंत्रांतल्या आकड्यांवरून काढलेल्या आलेखाची प्रत मागितली आणि तडक दुकान गाठलं.

"पायरी चढू नकोस म्हटलं होतं."

"चढले." तिने कागद फ्रिजवर आपटला. "दोन रेघा बघ. मी भोवऱ्यात शिरले आणि क्लोरीनची वर उसळली. तिथेच ओझोनची कोसळली. आता विचार पत्ता!"

दादाने रेघांवरून बोट फिरवलं, मग उलट्या बाजूने पुन्हा फिरवलं. दुसऱ्या हातात पाना होता. समोरच्या फ्रिजमधला जुना गॅस हवेत सोडायचा होता, आजवर सोडत आला तसाच.

"मग हा कुठे सोडू, ते तरी सांग!" तो ओरडला.

"सोडायचाच नाही. सिलिंडरमध्ये भरून ठेव."

"तू मला धंदा शिकवणार?"

"हो! तुझ्याच पैशाने शिकलेय."

दादाने पाना खाली ठेवला नाही. पण फिरवलाही नाही.