तळहाताला न कळलेला ताप

भट्टीवाल्याचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. भट्टीच्या तोंडाशी उघडा तळहात धरायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, "लावा पाव." बावीस वर्षांत एक खेप करपली नाही. फुशारकी मारायचा, पण ती कष्टाची होती.

दीड वर्षाच्या लेकीला लस टोचून परतताना बायको म्हणाली, "नर्सताई म्हणाल्या, ताप येईल. थर्मामीटर घेऊया का?"

"भट्टी जोखणाऱ्याच्या घरात थर्मामीटर? हसतील लोक!"

दुसऱ्या दिवशी तो दहाला कामावरून आला, तशी बायको शिवणकामाला निघाली. "अंग तापलं तर नर्सताईंच्या चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच औषध द्या. पातळ कपडे ठेवा, पाणी पाजत राहा."

पोर किरकिर करत होती. त्यानं तीनदा कपाळाला हात लावला. गारच. वाटी पुढे केली, तिनं तोंड फिरवलं. "नाटकं पुरे!" तो खेकसला. ती थरथरली तेव्हा त्यानं तिला गोधडीत गुंडाळलं आणि शेजारी आडवा झाला. डोळा लागला. हे तो आजही कुणाला सांगत नाही.

चारला बायकोनं येऊन लेकीच्या गालाला गाल लावला. "अहो, पोर फणफणलीय!"

"तीनदा बघितलं मी. काही नव्हतं."

तिनं गोधडी फेकली, पोरीला उचललं आणि कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. पारा एकशे तीनवर. नर्सताईंनी मोजून औषध पाजलं. "लसीचा ताप आहे, उतरेल. उद्यापर्यंत नाही उतरला, तर परत आणा. पण दिवसभर कळलं कसं नाही?"

"याच हातानं बघितलं," म्हणत त्यानं हात पुढे केला. ताईंनी पेनाचं टोक तळव्यात दाबलं.

"टोचतंय?"

"काय?"

"भाऊ, हा हात नाही, जोड्याचा तळ आहे! याला लेकराचा ताप कुठून कळायचा?"

बायकोला हसू फुटलं. त्याची मान खालीच. कानात त्याचंच "नाटकं पुरे" घुमत होतं.

संध्याकाळी पोर वाटीभर पाणी प्यायली आणि खेळू लागली. त्याला मात्र तिच्यासमोर बसवेना.

शनिवारी पगार झाला. तो थेट औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार ओळखीचा. "काय रे, तू आणि थर्मामीटर? हात संपावर गेला की काय?"

"हो," एवढंच म्हणून त्यानं पैसे ठेवले आणि थर्मामीटर खिशात घातला.