व्याह्यांच्या कपातला चहा

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, माझ्या मुलीचं, सुधाचं लग्न होऊन ती मुलाबाळांत रमली आहे. एरवी सख्ख्या थोरल्या बहिणीवर मी पाळत ठेवली होती, हे कुणी आपणहून सांगतं का?

माझी बायको सुमन गेली, त्यानंतरची गोष्ट. घर सांभाळायला ही थोरली बहीण, अक्का, उमरेडहून आमच्याकडे प्रतापनगरला आली आणि त्याच सुमारास मला पेंग यायला लागली. रात्रभर झोपून सकाळी डोकं जड, घसा कोरडा. शाळेत इतिहास शिकवताना पानिपत यायच्या आधीच माझी मान पडायची.

तेही चाललं असतं. पण सुधाला पाहायला दोन स्थळं आली, दोन्ही वेळा चहा झाला आणि मी पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या घोरलो. दोन्हीकडून नकार! दुसऱ्यांनी तर मध्यस्थाला हळूच विचारलं म्हणे, मुलीचे वडील ‘घेतात’ का?

मी विचार केला. चहा कोण करतं? अक्का. स्वतःच्या दिराचा मुलगा सुधासाठी कुणी सुचवला होता? अक्कानं. आणि नाही कोण म्हणालं होतं? मी. त्यात एका सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो, तर अक्का पितळी डबीतली चिमूटभर पूड फक्त माझ्या कपात टाकत होती. सांगा, तुम्ही काय समजला असतात?

बोललो नाही. इतिहासाचा मास्तर, पुराव्याशिवाय कसा बोलणार?

तिसरं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं बर्डीच्या बाजारात कापडाचं दुकान. माणूस चांगला ऐसपैस, आमची खुर्ची त्यांना पुरेना. सुधानं चहा आणला. अक्कानं मुद्दाम वाकून एक कप माझ्यासमोर ठेवला. झालं! सगळे चिवड्याकडे वळले तेवढ्यात मी तो कप मुलाच्या वडिलांकडे सरकवला आणि त्यांचा घेतला. म्हटलं, पेंगले तर पेंगले, अक्का तर सापडेल.

त्यांनी चहा संपवला. बोलणी मुलाच्या नोकरीवर आली आणि वडिलांची हनुवटी छातीवर. पाठोपाठ घोरणं.

मी ताडकन उठलो. मुलगा कप ओठाला लावत होता, तो हिसकावला. अर्धा चहा त्याच्या पांढऱ्या पँटवर.

“कुणी पिऊ नका! ह्यात झोपेचं औषध आहे!”

सुधा दारात उभी, रडायच्या बेतात. तिसरंही स्थळ मी घालवलं होतं.

अक्का पुढे आली. “काहून गा? ज्येष्ठमध घालतो तुह्या चहात, घशासाठी. रात्रभर घोरून राहिला तू, अन् मधामधात श्वास बंद. मी उठून नाकाले हात लावून पाहतो. सुमन गेली, आता तू बी जाशील म्हून मले झोप नाही लागत.”

मी खाली बसलो.

मुलाच्या आईनं मात्र शांतपणे नवऱ्याला कोपर मारलं. ते दचकून जागे झाले आणि म्हणाले, “हो हो, मुलगी पसंत आहे आमाले.”

मग त्या बाईंनीच मला समजावलं. त्यांच्या यजमानांनाही हेच होतं. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास अडतो, जीव दचकतो, पुन्हा श्वास सुरू. असं रात्रभर. झोप धड होतच नाही, म्हणून दिवसा पेंग. मोठ्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि उताणं झोपायला मनाई केली होती. बाईंनी बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला होता. उताणं व्हायला गेलं की टोचतो.

“तुमच्या घरच्या नव्हत्या का कोपरानं ढोसत, भाऊ?”

ढोसायची. सुमन रोज कोपरानं ढोसायची आणि मी रोज सकाळी त्यावरून कुरकुरायचो. मी मान हलवली.

मीही त्याच डॉक्टरांकडे गेलो. भात कमी झाला, पोट थोडं उतरलं, पाठीला चेंडू आला. चेंडू कोपराएवढा चांगला नाही, पण पानिपत आता पूर्ण होतं.

लग्न तिथंच झालं. आणि आजही जावई, व्याही घरी आले की अक्का सगळ्यांदेखत माझ्या कपातला घोटभर चहा आधी बशीत ओतते, पिते, जरा थांबते आणि मग कप माझ्या हातात देते.

“घे गा. जागीच आहो मी.”