गायरानासाठी मामा कौन्सिल हॉलमध्ये उभे राहिले

माझे मामा आमदार झाले तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्यांचं गाव कृष्णाकाठी, सांगलीपासून जवळ, पण तेव्हा सातारा जिल्ह्यात. युद्धात लष्कराने गावचं गायरान छावणीसाठी घेतलं होतं. छावणी उठली, पण काटेरी तारेचं कुंपण तसंच राहिलं. गुरं बाहेरच.

पावसाळी अधिवेशन पुण्याला, कौन्सिल हॉलमध्ये भरलं. मी तिथे ट्रेनिंग कॉलेजात शिकत होते. मामा मामींना घेऊन आले, आणि बोलायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "चल, सभागृह दाखीव मला. जीव घाबरा झालाय."

मामीही बरोबर आल्या. म्हाताऱ्या चपराशाने आम्हाला रिकामं सभागृह उघडून दिलं. उंच छत, उंच खिडक्या, अध्यक्षांची चौथऱ्यावरची खुर्ची, तिच्या उजवीकडे सरकारची बाकं, डावीकडे विरोधकांची. मामा आपल्या बाकाशी जाऊन उभे राहिले.

"लय मोठं हाय गं. माझा आवाज पोचंल का? त्यात इंग्रजी न्हाई येत."

"मराठीत बोला की," चपराशी म्हणाला. "अध्यक्षांची परवानगी घ्यायची. लिहून घेणारे असतात."

मामांनी वर बघितलं. "आन ही वरची गॅलरी कुणासाठी?"

"तुम्हाला निवडून देणाऱ्यांसाठी. खाली तुम्ही काय करता ते बघायला."

मामा हसले नाहीत. आम्हाला म्हणाले, "उद्या तुमी दोघी तिथंच बसा. म्हंजी मला दिसाल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅलरीत पहिल्या रांगेत. मामांचं नाव पुकारलं. ते उठले, वर पाहिलं, आणि घसा खाकरण्यातच किती वेळ गेला. मामींनी माझं मनगट आवळून धरलं. मग आवाज फुटला. आमच्या गावची पन्नास पोरं फौजेत गेली, गायरानही आम्ही खुशीनं दिलं. लढाई संपली, आता गुरांना चरू द्या, एवढंच ते बोलले. दोन मिनिटंही लागली नसतील.

मंत्री उठले. त्यांनी इंग्रजीत थोडक्यात उत्तर दिलं. बाकं वाजली.

"काय म्हनला गं त्यो?" मामींनी कासावीस होऊन विचारलं.

"कुंपण काढायचा हुकूम देतो म्हणाले. दिवाळीच्या आत."

मामींनी मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ उमटले होते. त्या भर गॅलरीत पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, आणि शिपाई त्यांना गप्प बसायला सांगत होता.

दसऱ्याला मी गावी गेले तेव्हा तारेची भेंडोळी चावडीपुढे पडली होती, आणि गायरानात गुरं माना खाली घालून चरत होती.